एकच मॅच जिंकली, पण...

खरं सांगा, आपल्या भंडारा जिल्ह्यात टेनिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टेनिस बॉल क्रिकेट! चौकातला फ्लेक्स, त्यावर पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मॅन ऑफ द सिरीजला मिळणारी ट्रॉफी आणि खाली पन्नास जणांचे फोटो. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत पीच तयार होते आणि रात्री लाइट लावून मॅचेस सुरू होतात. तो हिरवट-पिवळा चेंडू आपल्याकडे बॅटने मारण्यासाठीच जन्माला आला आहे, असं मला शाळेत असेपर्यंत प्रामाणिकपणे वाटायचं.

त्या चेंडूचा जो मूळ खेळ, त्यातल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. तिचं नाव लीला राव. १९३४ साली तिने विम्बल्डनमध्ये एक मॅच जिंकली. विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल तर ही एक ओळ तुम्ही कुठल्या तरी गाइडमध्ये वाचलीही असेल. पहिली महिला डॉक्टर, पहिली महिला पायलट, त्याच यादीत कुठेतरी खाली. आपण ती ओळ पाठ करतो, एका मार्काची सोय करतो आणि पुढे जातो.

मीही तेच केलं होतं. पण या पानासाठी लिहायला बसले तेव्हा तिची जन्मतारीख पाहिली. १९ डिसेंबर १९११. आता विम्बल्डन होतं जून-जुलैमध्ये. म्हणजे त्या दिवशी तिचं वय होतं २२. माझंही वय २२ आहे. मी भंडारा ते नागपूर बसमध्ये खिडकीची सीट मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणते. आणि ही पोरगी समुद्र ओलांडून, जगातल्या सगळ्यात मोठ्या टेनिस स्पर्धेत उभी होती. तेही देश इंग्रजांच्या ताब्यात असताना, इंग्रजांच्या घरात, इंग्रज मुलीच्या समोर.

म्हटलं, ही गोष्ट एका ओळीत संपणारी नाही.

घरात पोथ्या, हातात रॅकेट

लीलाची गोष्ट तिच्या आईपासून सुरू करावी लागते. आईशिवाय ती कळतच नाही.

आईचं नाव क्षमा. माहेरचं आडनाव पंडित. क्षमाबाईंचे वडील म्हणजे शंकर पांडुरंग पंडित, सावंतवाडीकडचे मोठे विद्वान. अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती त्यांनी संपादित केली, तुकोबांच्या गाथेच्या संपादनात त्यांचा वाटा होता, आणि 'वेदार्थयत्न' नावाचं मासिक त्यांनी चालवलं. ते पोरबंदर संस्थानाचा कारभार पाहत होते तेव्हा स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे मुक्कामाला राहिले होते आणि वेदांच्या कामात त्यांना मदतही केली होती. असं ते घर.

क्षमाबाईंचा जन्म १८९० मध्ये पुण्यात झाला. पण हे एवढे मोठे वडील त्यांना लाभले ते अगदी थोडी वर्षं. त्या लहान असतानाच वडील गेले. पुढे क्षमाबाई मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकल्या आणि विशीत त्यांचं लग्न झालं ते डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी. मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. म्हणजे घरात पैसा होता, पुस्तकं होती, परदेशाची ओळख होती.

पण क्षमाबाई डॉक्टरांच्या पत्नी म्हणून बसून राहिल्या नाहीत. त्यांनी संस्कृतात लिहायला घेतलं. आणि विषय कोणता? देवादिकांची स्तुती नाही, तर चालू काळ! गांधीजींचा सत्याग्रह. 'सत्याग्रहगीता' नावाचं काव्य त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिलं. इंग्रज सरकारच्या राज्यात असलं पुस्तक छापायचं म्हणजे पंचाईत. मग ते १९३२ मध्ये थेट पॅरिसमध्ये छापलं गेलं. पुढे त्यांनी तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही संस्कृतात लिहिली. लोक त्यांना पंडिता क्षमा राव म्हणू लागले.

आणि आता ऐका. याच पंडिता क्षमाबाई टेनिस खेळायच्या. आणि चांगल्या खेळायच्या.

जरा थांबून विचार करा. शंभर वर्षांपूर्वीचा काळ आहे. मुलींच्या लग्नाचं वय किमान १४ असावं, असा कायदाच मुळी १९२९ मध्ये झाला आणि १९३० मध्ये लागू झाला. तो शारदा कायदा. म्हणजे आजूबाजूला बारा-तेराव्या वर्षी पोरींची लग्नं लागत होती, आणि त्या काळात एक आई संस्कृत श्लोक रचते आणि रॅकेट घेऊन कोर्टवरही उतरते. लीला हे बघत मोठी झाली.

आपल्याकडे बहुतेक मुलींना खेळासाठी घरी परवानगी मागावी लागते. लीलाच्या घरी परवानगी ज्यांना विचारायची, त्याच खेळत होत्या.

श्रीमंतांचा खेळ? हो, होताच!

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळचं टेनिस गरिबांचा खेळ नव्हता. गवताचं किंवा मातीचं नीट राखलेलं कोर्ट, जिमखान्याची मेंबरशिप, लाकडी रॅकेट, त्यात प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या तारा. पाऊस लागला, दमट हवा लागली की त्या तारा खराब व्हायच्या. चेंडू पांढरे. आज टीव्हीवर दिसतात ते पिवळे चेंडू विम्बल्डनमध्ये आले १९८६ मध्ये. या सगळ्याला पैसा लागायचा.

आणि पैसा मिळायचा किती? शून्य.

हे आपल्याला आज पटणार नाही. आज विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरलं तरी लाखो रुपये मिळतात. तेव्हा नियमच असा होता की मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंनी खेळायचं. हौशी म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. पैसे घेतले की तुम्ही 'प्रोफेशनल' झालात, आणि प्रोफेशनल झालात की विम्बल्डनचं दार बंद. फ्रान्सची सुझान लेंग्लेन ही त्या काळची सगळ्यात मोठी महिला टेनिसपटू. १९२६ मध्ये तिने पैसे घेऊन खेळायचं ठरवलं आणि या मोठ्या स्पर्धांतून ती कायमची बाहेर गेली. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, फ्रेंच स्पर्धा जिंकली नेदरलँड्सच्या केआ बाउमनने. तिच्यानंतर आजपर्यंत एकाही डच महिलेला ग्रँड स्लॅमचं एकेरीचं विजेतेपद मिळालेलं नाही. म्हणजे तिच्या देशासाठी ती केवढी मोठी! पण तिलाही त्या विजयाचे पैसे मिळाले नाहीत. तीही हौशीच.

खेळाडूंसाठी पैशाचं दार उघडलं १९६८ मध्ये. त्या वर्षी विम्बल्डनने पहिल्यांदा बक्षिसाची रक्कम दिली. पुरुष विजेत्याला २००० पौंड आणि महिला विजेतीला ७५० पौंड. दोघांना सारखे पैसे मिळायला मात्र २००७ साल उजाडावं लागलं.

ऑलिम्पिकचं म्हणाल तर तिथेही टेनिस नव्हतं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर टेनिस वगळलं गेलं ते थेट १९८८ मध्ये परत आलं. म्हणजे लीला खेळायला लागली तेव्हा तिच्यासमोर ना नोकरी होती, ना स्पोर्ट्स कोटा, ना पदक, ना बक्षिसाची रक्कम. खेळायचं ते खेळासाठी. हे ऐकायला फार गोड वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की ज्यांच्या घरी चूल आपोआप पेटते तेच खेळू शकत होते. लीलाच्या घरी ती पेटत होती. तिच्यासारखं मनगट असलेल्या किती मुली जिमखान्याच्या कुंपणाबाहेरच राहिल्या असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

पण हेही खरं की त्या काळात पैसेवाली घरं अनेक होती. त्या सगळ्या घरांतून लीला राव निघाली नाही.

पहिला मोठा कप

१९३१. अखिल भारतीय टेनिस स्पर्धा. आज आपण नॅशनल म्हणतो ना, त्या काळची ती सगळ्यात मानाची स्पर्धा. तेव्हा महिलांच्या टेनिसमध्ये युरोपियन आणि अँग्लो-इंडियन खेळाडू आघाडीवर होत्या. इंग्रज साहेबांनी क्लब काढले, साहेबांच्या बायका-मुली तिथे खेळायला लागल्या, त्यामुळे सराव त्यांचा, स्पर्धा त्यांच्या. जेनी सँडिसन ही अँग्लो-इंडियन खेळाडू तर लीलाच्या आधीच, १९२९ मध्ये, विम्बल्डनला जाऊन आली होती.

त्या वर्षी लीला फायनलला पोहोचली. समोर होती लीना मॅकेना. लीलाने तिला सरळ दोन सेटमध्ये हरवलं आणि ती देशाची विजेती झाली. अजून विशी पुरती लागायची होती किंवा नुकतीच लागली होती, असं ते वय.

आता इथे कुणालाही वाटेल की झालं, यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही वगैरे. आपल्या पेपरात प्रत्येक खेळाडूबद्दल हे वाक्य असतंच. लीलाच्या बाबतीत ते खरं नाही. हा कप तिला पुन्हा मिळायला पाच वर्षं लागली. ते पुढे येईलच.

३६ गेमची मॅच

१९३४. लीला विम्बल्डनला उतरली.

तेव्हा मुंबईहून इंग्लंडला जायचं म्हणजे बोट. एडन, सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र असा आठवड्यांचा प्रवास. आज आपण नागपूरला विमानात बसलो की दुसऱ्या दिवशी लंडनला पोहोचतो, तसं नव्हतं. आणि पोहोचल्यावर काय? वेगळी हवा, वेगळं गवत. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, घसरतो, झपकन येतो. ज्याला सवय नाही त्याचा फटका उशिरा बसतो.

त्या वर्षीचं विम्बल्डन इंग्रजांसाठी सणासारखंच ठरलं. पुरुषांत फ्रेड पेरी जिंकला, महिलांत डोरोथी राउंड. दोघंही इंग्लंडचे. अशा त्या वर्षी पहिल्या फेरीत लीलासमोर आली ब्रिटनची ग्लॅडिस साउथवेल.

पहिला सेट लीला हरली. ४-६.

महिलांची मॅच तीन सेटची असते. दोन जिंकले की मॅच खिशात. म्हणजे साउथवेलला आता एकच सेट हवा होता. लीलाला मात्र इथून पुढचे दोन्ही.

दुसरा सेट सुरू झाला आणि तो संपता संपेना. आजचा नियम तुम्हाला माहीत असेल, ६-६ झालं की टायब्रेकर खेळतात आणि सेट निकाली निघतो. तेव्हा टायब्रेकर नव्हता. विम्बल्डनमध्ये तो १९७१ मध्ये आला. तेव्हा दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं, बस. सात-सात, आठ-आठ, जे होईल ते. खो-खोमध्ये शेवटचा एक मिनिट उरलेला असतो आणि आपण खांबाभोवती गोल गोल पळत असतो, तेव्हा छातीत काय होतं ते खेळलेल्यांना माहीत आहे. इथे तर घड्याळही नाही. कधी संपणार ते कुणालाच माहीत नाही.

तो सेट लीलाने १०-८ असा घेतला.

अठरा गेमचा सेट! त्यानंतर तिसऱ्या सेटमध्ये मात्र फार काही उरलं नाही. ६-२. मॅच लीलाची.

मी कागदावर बेरीज करून पाहिली. दोघी मिळून ३६ गेम खेळल्या. त्यातले लीलाने जिंकले २० आणि साउथवेलने १६. पहिला सेट गेल्यावर जे २६ गेम झाले, त्यातले १६ लीलाचे. म्हणजे ही मॅच नशिबाने मिळालेली नाही, मागे पडून खेचून आणलेली आहे.

दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर फ्रान्सची ईडा अदामॉफ होती. ही मॅचही तीन सेटपर्यंत गेली. पण या वेळी लीला हरली.

पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, ती पुन्हा विम्बल्डनला खेळली. पहिल्याच फेरीत इव्हलिन डिअरमनकडून हरली.

संपलं. विम्बल्डनमधल्या एकेरीच्या विजयांचा तिचा हिशेब एवढाच. एक विजय.

हरल्यावर काय?

माझ्या मते लीलाची खरी गोष्ट इथे सुरू होते. गाइडमधली ओळ १९३४ ला थांबते. ती मुलगी १९३५ मध्येही होती, १९३६ मध्येही होती, त्यानंतरही होती.

विचार करा. तुम्ही एकदा देशात पहिल्या आलात. मग चार वर्षं झाली, पाच वर्षं झाली, तो कप पुन्हा हातात नाही. मध्ये एकदा मोठ्या ठिकाणी जाऊन नाव केलं. सगळ्यांच्या अपेक्षा वाढल्या. आणि पुढच्याच वर्षी तिथेच पहिल्या फेरीत बाहेर. आपल्याकडे इतक्यात काय झालं असतं? शेजारपाजारचे बोलले असते, नातेवाईक बोलले असते. झालं ना बाप्पा खेळून, आता लग्नाचं बघा.

लीला २४ वर्षांची होती. १९३६ मध्ये ती पुन्हा अखिल भारतीय स्पर्धा खेळली. आणि जिंकली.

१९३७ मध्ये जिंकली.

१९३८ मध्ये जिंकली.

१९३९ मध्ये कप तिच्याकडे नव्हता. १९४० मध्ये पुन्हा जिंकली. १९४१ मध्ये जिंकली. १९४२ मध्ये पुन्हा हुकला. १९४३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, पुन्हा जिंकली.

एकूण सात वेळा राष्ट्रीय विजेती. पहिलं आणि शेवटचं विजेतेपद यांच्यात बारा वर्षं. या बारा वर्षांत ती किती वेळा हरली असेल याची कल्पना वरच्या यादीतल्या रिकाम्या जागा बघून करा. त्या प्रत्येक रिकाम्या जागेनंतर ती परत आली आहे.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. तिचा खेळ सगळ्यात भरात होता ती हीच वर्षं, १९३६ ते १९४३. आणि १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० ते १९४५ अशी सहा वर्षं विम्बल्डन झालंच नाही. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये तर तिथल्या सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला. कोविडमध्ये ज्यांचं भरतीचं वय निघून गेलं, ज्यांच्या शालेय स्पर्धाच रद्द झाल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मैदान बंद असतं आणि वय चालू असतं.

रॅकेट खाली ठेवल्यावर

आपल्याकडे खेळाडूचं आयुष्य दोन प्रकारे सांगतात. एक तर खेळ संपला आणि तो कोच झाला, नाही तर खेळ संपला आणि हलाखी सुरू झाली. लीलाच्या बाबतीत तिसरंच काहीतरी झालं.

तिचं लग्न झालं हरिश्वर दयाल यांच्याशी. ते आयसीएस अधिकारी होते, म्हणजे आजच्या आयएएसचं त्या काळचं रूप. स्वातंत्र्यानंतर ते सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम तेव्हा भारताचं राज्य नव्हतं. डिसेंबर १९५० मध्ये भारत आणि सिक्कीम यांच्यात जो करार झाला, त्यावर भारताकडून सही आहे ती हरिश्वर दयाल यांची. पुढे ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. म्हणजे मुंबईच्या टेनिस कोर्टवरची लीला आता हिमालयाच्या सावलीतल्या घराची मालकीण होती.

आणि तिथे तिने काय केलं? आईने दिलेली दुसरी गोष्ट हातात घेतली. संस्कृत.

क्षमाबाई १९५४ मध्ये गेल्या. त्यांनी संस्कृतात कथा लिहून ठेवल्या होत्या. बालविधवा, गरीब बाई, घराघरांतली दुःखं अशा विषयांवरच्या. लीलाने त्यातल्या कथांवर संस्कृत नाटकं लिहिली. म्हणजे जे वाचायचं होतं ते लोकांसमोर उभं राहून बोलेल असं केलं. आईने श्लोकांत लिहिलेली संतचरित्रंही तिने नाटकात आणली. नृत्याचाही तिचा अभ्यास होता. भरतनाट्यमच्या मूळ हालचालींवर 'नृत्तमंजरी' नावाचं पुस्तक तिने लिहिलं.

टेनिसपटू, नाटककार, नृत्याची अभ्यासक. यातल्या कुठल्याही एका गोष्टीसाठी माणूस आयुष्य घालवतो. लीलाने तिन्ही केल्या, आणि प्रत्येक वेळी सुरुवात नव्याने केली.

१९६४ मध्ये हरिश्वर दयाल यांचं नेपाळमध्येच, एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू भागात निधन झालं. तेव्हाही ते राजदूतच होते.

यानंतर लीला राव दयाल हे नाव हळूहळू मागे पडत गेलं. विम्बल्डनमध्ये भारतीय मुलगी पुन्हा चर्चेत आली ती २००५ मध्ये, जेव्हा सानिया मिर्झाने एकेरीची पहिली फेरी जिंकली. लीलाच्या त्या मॅचला तोवर ७१ वर्षं झाली होती. सानियामुळे लोकांनी जुनी पानं चाळली आणि लीलाचं नाव पुन्हा छापून आलं. एका ओळीत.

आता आपलं बोलू

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या श्रीमंत डॉक्टरच्या पोरीची गोष्ट भंडाऱ्यातल्या पोरांना काहून सांगता? तिच्याकडे सगळंच होतं.

बरोबर आहे. मी आधीच म्हटलं, तिच्याकडे होतं ते आपल्याकडे नाही. तुमसर, साकोली, पवनी, लाखनी, कुठेही जा, पहाटे रस्त्याच्या कडेला धावणाऱ्या मुली दिसतात. बहुतेक जणी पोलीस भरतीसाठी धावतात. त्यांच्या धावण्याला एक हिशेब आहे, आणि तो असलाच पाहिजे, कारण घर चालवायचं आहे. लीलाला तो हिशेब करावा लागला नाही. तिच्यासारखं बोटीत बसून जा, असं सांगायला मी इथे बसलेली नाही.

पण तिच्या घरातली एक गोष्ट पैशाने विकत घेतलेली नव्हती. तिच्या आईने खेळ सोडलेला नव्हता.

मी स्वतः दहावीपर्यंत खो-खो खेळले. पळतीला बरी होते, जिल्ह्यापर्यंत गेले होते. दहावी आली, ट्यूशन लागली आणि बूट माळ्यावर गेले. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. आपोआप सुटलं. अकरावीत कुणी विचारलंही नाही की का नाही खेळत. तुमच्यातल्या कितीतरी जणींचं असंच झालं असेल. खेळ सोडणं हा निर्णय आहे, हेच आपल्याला तेव्हा कळत नाही.

हा लेख लिहिताना क्षमाबाईंच्या हातातलं रॅकेट माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी आई स्वयंपाकघरात पोह्याचे कांदे चिरत होती, तेव्हा मी सहज विचारलं की तू शाळेत काही खेळायचीस का. बावीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. कळलं की आई कबड्डी खेळायची. साकोली तालुक्यातल्या तिच्या शाळेच्या टीममध्ये होती. नववीपर्यंत. पुढे काय झालं, तर तेच, आपोआप सुटलं. तिच्या गुडघ्यावर एक जुना व्रण आहे. मी लहानपणापासून पाहते आहे, मला वाटायचं भाजल्याचा आहे. तो कबड्डीचा निघाला.

तिच्या वेळी तिचा खेळ पाहायला घरचं कुणी आलं नव्हतं. माझ्या जिल्ह्याच्या मॅचला ती आली होती, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. साडीचा पदर खोचून दोरीच्या अगदी जवळ उभी होती. बाकीच्या आया सावलीत बसल्या होत्या.

तर आज एवढंच करा. घरात जी कुणी आहे, आई, काकू, मोठी आई, आजी, तिला विचारा की ती काय खेळायची. लंगडी असेल, फुगडी असेल, कबड्डी असेल. आणि घरात लहान बहीण खेळत असेल तर तिची पुढची मॅच कधी आहे, तेही विचारून घ्या.

मी माळ्यावरून बूट काढलेत. पायाला लहान होतात. शेजारची सहावीतली एक पोरगी आहे, तिला बरोबर बसले.

लीला राव दयाल : थोडक्यात

जन्म : १९ डिसेंबर १९११

आई : पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री आणि टेनिसपटू

विम्बल्डन १९३४ : पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेलवर ४-६, १०-८, ६-२ असा विजय. विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय महिला

विम्बल्डन १९३५ : पहिल्या फेरीत पराभव

अखिल भारतीय विजेतेपद : १९३१, १९३६, १९३७, १९३८, १९४०, १९४१, १९४३

लेखन : संस्कृत नाटकं, नृत्यावर 'नृत्तमंजरी'